फिशटँकच्या घरगुती टॉपला कोणती बिजागरी? दिवाळी ते श्रावण वापरून झाल्यावर

फिशटँकचा टॉप घरी बनवायचा म्हटलं की प्लाय, सनमायका आणि लाइट यांवर भरपूर चर्चा होते. बिजागरी मात्र हार्डवेअरच्या दुकानात उभ्या उभ्या ठरते. माझा अनुभव सांगतो की टॉपचं आयुष्य बिजागरी आणि तिचे स्क्रूच ठरवतात. टाकीच्या तोंडावर चोवीस तास वाफ असते, ती झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबाथेंबाने जमते आणि धातूच्या प्रत्येक सांध्यात शिरते. स्वयंपाकघरातल्या कपाटाला जी बिजागरी वीस वर्षं चालेल, ती इथे एका पावसाळ्यात गंजते.

आमची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण 190 लिटरची. गप्पी आणि कोरीडोरस मासे, शिवाय शोभेच्या कोळंब्या आहेत. आधीच्या तयार टॉपच्या लोखंडी बिजागऱ्या गंजून त्यांचं तांबूस पाणी काचेवर ओघळायला लागलं, म्हणून दिवाळीत नवीन टॉप करवून घेतला. आयएस 710 (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) चा 12 मिमी मरीन प्लाय आणि आतून एपॉक्सी रंग. मागचा अर्धा भाग पक्का, लाइट त्याच्या खाली बसवलेला. पुढचा अर्धा भाग उघडणारा.

मिस्त्रींनी आधी कपाटाला लावतात ती ऑटो बिजागरी सुचवली. मी नको म्हटलं. तिच्या वाटीसाठी 35 मिमी व्यासाचा आणि साडेअकरा मिमीच्या आसपास खोल खड्डा लागतो, म्हणजे 12 मिमी प्लायमध्ये खाली कागदाएवढा पापुद्रा उरतो. शिवाय आत स्प्रिंग असते आणि ती नेमकी वाफेच्या बाजूला येते. पितळी बिजागरी दिसायला सुरेख आणि गंजतही नाही, पण पितळेत तांबं असतं. तांबं कोळंबीला आणि गोगलगायींना विषारी. हिरवट झालेल्या पितळावरून थेंब टाकीत पडतील ही शक्यताच मला नको होती.

शेवटी घेतली ती स्टेनलेसची पियानो बिजागरी, म्हणजे लांब पट्टीसारखी सलग बिजागरी. टॉपच्या लांबीपेक्षा दोन्ही टोकांना थोडी कमी ठेवून कापून घेतली. तीन फुटांचं झाकण दोन बिजागऱ्यांवर टांगलं की दमटपणात प्लाय मधून वाकतो. सलग पट्टी त्याला सरळ धरून ठेवते. पावसाळ्यात हा फरक स्पष्ट दिसला. जूनपासून झाकणाची कड कुठेही घासलेली नाही, अर्थात दोन्ही बाजूंना 2 मिमी फट मुद्दाम ठेवली होती.

खरेदी करताना लोहचुंबक खिशात ठेवा. 304 ग्रेडच्या स्टेनलेस पत्र्याला चुंबक सहसा चिकटत नाही, पण स्वस्तातल्या 202 लाही चिकटत नाही, त्यामुळे त्यावरून ग्रेड कळत नाही. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, म्हणून ते दमटपणात लवकर डागाळतं. चुंबकाचा खरा उपयोग पिनेसाठी, म्हणजे बिजागरीची दोन सपाट पानं जोडणाऱ्या नळीतल्या सळईसाठी. पेठेतल्या एका दुकानात चकचकीत पट्टी हातात घेतली, पानांवर चुंबक ठेवला तर घसरून पडला, आणि नळीवर नेला तर टक्कन चिकटला. पानं स्टेनलेसची, आतली पिन साध्या लोखंडाची! अशी बिजागरी बाहेरून वर्षभर नवी दिसते आणि आतून पिन गंजून जाम होते. दुसऱ्या दुकानात पिनसुद्धा स्टेनलेसची मिळाली. किंमत साध्या बिजागरीच्या दुपटीहून जास्त, पण तिथे हात आखडू नका.

बिजागरी वरच्या बाजूने, नळी वर येईल अशी बसवली. झाकण पूर्ण मागे उलटून पक्क्या भागावर सपाट पडतं. त्यामुळे आधाराची दांडी लागत नाही, हायड्रोलिक पंपही (झाकण वर उचलून धरणारा दाबाचा दांडा) लागत नाही. पंपाचा आग्रह खूप लोक धरतात, पण 100 न्यूटनचा पंप म्हणजे साधारण 10 किलोचा जोर. आमचं झाकण दोन किलोच्या आत. असा पंप झाकण नीट बंदच होऊ देणार नाही. वर मूठ बसवली असती तर झाकण सपाट पडलं नसतं, म्हणून पुढच्या कडेला बोट जाईल एवढी अर्धगोल खाच कापली. दार चिकटवून बंद ठेवणारा मॅग्नेट कॅचरही नाही. त्याची लोखंडी पट्टी गंजते आणि निकेलचा मुलामा उडालेला चुंबक भुसभुशीत होऊन झडतो. आडवं झाकण स्वतःच्या वजनानेच बंद राहतं.

स्क्रू वेगळे घ्या, स्टेनलेसचेच. पाकिटात मिळतात ते बहुतेकदा मुलामा दिलेले लोखंडी असतात. 12 मिमी प्लायला 10 मिमी लांबीचे पुरतात. आधी बारीक भोक पाडून त्यात एपॉक्सीचा थेंब सोडला, कारण प्लायमध्ये पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकातूनच. पट्टीखालची फट सिलिकॉनने भरायची असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूजवळ नको. सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं. न्यूट्रल प्रकारचं आणा.

आता सोलापूरचा मे महिना. पारा 42 च्या वर गेला की टाकीचं पाणीही तापतं. दुपारभर झाकण उलटून पंखा लावावा लागतो, आणि पाणी झपाट्याने उडतं. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे भर बोअरच्या पाण्याची. त्यातले क्षार नळीच्या पेरांमध्ये पांढरे साचले आणि मे अखेरीस झाकण जड फिरायला लागलं. व्हिनेगरमध्ये भिजवलेला जुना टूथब्रश फिरवून, ओल्या फडक्याने नीट पुसून घेतलं की पुन्हा मोकळं. हे करताना टाकीवर प्लास्टिक अंथरा. गंजरोधक स्प्रे आणि तेलं टाकीच्या वर अजिबात मारू नका. मी बोटाच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस लावतो, तेही पुसून पातळ करून.

एक गोष्ट मात्र या रचनेत खटकते. चिमूटभर खाणं टाकायलाही तीन फुटांचं झाकण उघडावं लागतं. गप्पींना चालतं, पण उड्या मारणारे मासे असतील तर पुढचा भाग दोन तुकड्यांत करा आणि प्रत्येकाला स्वतंत्र पट्टी लावा. खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर 304 वरही भिस्त ठेवू नका. मॉलिब्डेनम असलेलं 316 शोधा, किंवा बिजागरी टाळून उचलून ठेवायचं ॲक्रिलिकचं झाकण करा.