जुन्या गाडीच्या क्लचची हवा काढायची: पॅडल मारून, व्हॅक्यूमने की खालून सिरिंजने?

आधी बघा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या (हायड्रॉलिक) क्लचच्या पाइपात खरंच हवा आहे का. पॅडल मऊ लागतंय पण तीनचार वेळा पटापट मारलं की गिअर नीट पडतो, म्हणजे हवा. गिअर टाकून पॅडल पूर्ण दाबून धरलंय आणि तरी थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकायला लागली, बाहेर कुठे थेंबही नाही, तर बहुतेक मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पॅडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या सिलिंडरचं, सील आतून गळतंय, मग कितीही हवा काढा काही उपयोग नाही, सीलचं किट टाका. स्लेव्हचं, म्हणजे खाली त्या तेलाच्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरचं, रबरी बूटपण उचलून बघा, आत ओलं असेल तर तो गेलाय.

आता पद्धती. दोघांनी मिळून पॅडल मारायची पद्धत सगळ्यांना माहितीये, पाइप आणि बाटली एवढंच लागतं. पण हा ब्रेक नाही, निपल (स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडलं की क्लचचं पॅडल बरेचदा खालीच पडून राहतं, निपल बंद करून मग हाताने वर ओढावं लागतं, आणि आत बसलेला माणूस घाईत असला की हवा परत आत. जुन्या गाडीत अजून एक भानगड आहे, सिलिंडरच्या ज्या भागात सील रोज जातच नाही तिथे गंज धरलेला असतो आणि पॅडल पार तळाला नेलं की सील त्यावर घासून फाटतं. माझं तसंच झालं, संध्याकाळी क्लच एकदम मस्त आणि सकाळी पुशरॉडवरून (पॅडल आणि मास्टर जोडणारा दांडा) तेल ओघळून पायाखालची चटई चिकट झालेली. तेव्हापासून पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवतो.

व्हॅक्यूम पंप एकट्याला बरा वाटतो, पण निपल सैल केलं की आट्यांमधूनच हवा ओढतो आणि पाइपात बुडबुडे येतच राहतात, सिस्टिममधली हवा कधीच संपली तरी आपण बसलोय पंप मारत. आट्यांना ग्रीस लावलं की जरा कमी होतं. प्रेशर ब्लीडर, म्हणजे वर ऑइलच्या टाकीतून दाबाने तेल ढकलणारा, चांगला, फक्त जुन्या टाकीला त्याचं झाकण नीट बसलं तर.

सिस्टिम पूर्ण रिकामी झाली असेल, म्हणजे सिलिंडर किंवा पाइप बदललाय, तर माझं मत सरळ सिरिंजला, म्हणजे सिरिंजला पाइप लावून खाली निपलमधून नवीन ऑइल आत ढकलायचं. हवेला वरच जायचं असतं, आपण खालून ढकलतो, एवढंच. मात्र आधी जुनं काळं ऑइल खालून काढून टाका नाहीतर तो गाळ मास्टरमध्ये जाईल. पॅडल पूर्ण वर आणि थोडा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) हवाच, नाहीतर मास्टरचं टाकीकडे जाणारं बारीक भोक बंद राहतं आणि सिरिंज दाबलीच जात नाही, मग जोर लावला की पाइप सुटून तेल तोंडावर, म्हणून चष्मा घाला. टाकी अर्धी रिकामी ठेवा, कारण सांडलेलं ब्रेक ऑइल (क्लचमध्येही तेच असतं) रंग खातं, सांडलंच तर लगेच पाणी ओता. आणि ऑइलचा ग्रेड डॉट ३ किंवा ४ जे झाकणावर लिहिलंय तेच, सिलिकॉनवालं डॉट ५ त्यात मिसळायचं नाही.

थोडीच हवा असेल तर मात्र सिरिंजचा खटाटोप नको, दोघं मिळून दहा मिनिटांत होतं.

झाल्यावर कोणालातरी पॅडल दाबायला सांगा आणि स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते खाली वाकून बघा. रॉड पूर्ण सरकतोय आणि तरी रिव्हर्स खर्रर्र करतोय, तर हायड्रॉलिकचा नाद सोडा, क्लच प्लेट बघा.