एसओपी सेंटर: फॉर्म भरायला जा, निबंध त्यांच्या हातात देऊ नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं सेंटर आहे, नाव टाकत नाही, बॅनरवर "फॉरेन स्कॉलरशिप, एसओपी, एलओआर" लिहून आहे (एसओपी म्हणजे अर्जासोबतचा निबंध, एलओआर म्हणजे शिफारसपत्र), कोणतं सेंटर ते आमच्याकडच्या पोट्ट्यांना बरोबर समजते. 5 पैकी 2 स्टार देतो आणि ते दोन्ही काउंटरवरच्या ताईंचे. टीसीवर अन् पासपोर्टवर नाव वेगळं असलं तर काय करायचं, अमरावती विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट कशी मागवायची, उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा लागते, सगळं ताईंना तोंडपाठ आहे, अन् दहादा विचारलं तरी चिडत नाहीत.

आता निबंधाचं. फी साडेतीन हजार, ती आधीच घेतात. सेंटरच्या सरांना मी सांगितलं की 2017 च्या फवारणीत बाबांना विषबाधा झाली, दवाखान्यात होते, आपल्या जिल्ह्यात तेव्हा किती जण गेले हे सगळ्यांना माहीत आहे, वरून त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं पराटी खाल्ली, मी तेव्हा बीएस्सी सेकंड इयरला, वावर माझ्याच अंगावर पडलं अन् मार्क घसरले. सर म्हणे, "यवतमाळचा आहेस ना, मग एवढ्यानं काय होते, कमिटी रडली पाहिजे." ड्राफ्ट आला तर त्यात बाबांनी कर्जापायी विष घेतलं होतं! बाबा इकडे वावरात मोटर चालू करून राहिले अन् कागदावर हे. मायचं मंगळसूत्रही विकून टाकलं होतं, जे तिच्या गळ्यात आहे. शेवटी मी रस्त्याच्या लाइटखाली अभ्यास करतो म्हणे, आमच्या गावात रस्त्यावर लाइट लागला तर लोक बघायला येतील. मित्राचा ड्राफ्ट पाहिला तर त्यातही तोच लाइट, फक्त गाव बदललेलं.

आणि हे नुसतं खोटं आहे म्हणून नाही, ते अर्जाचा सत्यानाश करते. कॉलेजच्या सरांनी एलओआरमध्ये फवारणीचंच लिहिलं होतं, म्हणजे एकाच फाइलीत बाबांच्या दोन गोष्टी, वाचणाऱ्यानं कोणती धरायची?

दुसरं म्हणजे कोण काय मागते हेच हे पाहत नाहीत. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीला दाखले, जातीची व्हॅलिडिटी अन् विद्यापीठाचं क्यूएस जागतिक रँकिंग लागते, तिथं रडगाणं कोणी विचारत नाही. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला लीडरशिप, नेटवर्किंग, यूकेत काय शिकणार अन् पुढे काय करणार, मित्राच्या त्या लीडरशिपच्या निबंधातही यांनी मायचं मंगळसूत्र घातलं होतं बाप्पा. घरची परिस्थिती खरंच विचारतात ते कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या ठिकाणी, तिथं एसओपी वेगळा अन् पर्सनल हिस्ट्री स्टेटमेंट वेगळं, आणि त्यातही तुमच्या परिस्थितीचा अन् पुढच्या शिक्षणाचा संबंध काय ते सांगायचं असते.

शेवटी मी घरीच लिहिलं. दवाखाना दोन ओळीत, मार्क कोणत्या सेमिस्टरला पडले अन् पुढच्या वर्षी कसे वर आणले ते एका ओळीत, बाकी सगळा फवारणीच्या औषधाचा डबा. त्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असते, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, पण पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराला तो डबा दाखवतच नाहीत, बादलीत आधीच कालवलेलं असते. मला टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे विषशास्त्र, काहून शिकायची हे तिथून सरळ निघते, कोणाला रडवायची गरज पडत नाही. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणे पंप आपला नव्हता, भाड्याचा होता, ते नीट कर. केलं.

फी परत मागितली तर सर म्हणे ड्राफ्ट दिला ना, विषय संपला. पावतीही नाही. स्कॅनिंग मात्र चकाचक आणि स्वस्त, शनिवारी गर्दी असते, सकाळीच जा अन् ताईंनाच विचारा.