चतुराचे तेच ते फोटो काढून कंटाळलात? रेनॉक्स डीसीआर-१५० वापरून बघा

काडीवर बसलेला चतुर, साइडने, मागे हिरवं ब्लर. असे फोटो माझ्याकडे शेकड्यांनी पडलेत, म्हणून म्हटलं महागडी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स नको, आधी रेनॉक्सची ही क्लिपवाली छोटी लेन्स घेऊन बघू. ५२ ते ६७ मिमी फिल्टर साइझच्या लेन्सला पुढून चिमट्यासारखी बसते, दोन सेकंदांचं काम. पॉवर ४.८ डायॉप्टर, म्हणजे लेन्सपासून साधारण २० सेंमीवर फोकस. डीसीआर-२५० जास्त पॉवरची आहे, पण तिच्यात १२ सेंमीपर्यंत जवळ जावं लागतं आणि चतुर काय तेवढा थांबतोय होय!

मजा झूममध्ये आहे. ७०-३०० मिमी झूम लेन्सला लावली की १०० मिमीच्या आसपास अख्खा चतुर मावतो आणि ३०० वर नुसता डोळा नाहीतर पंखाच्या टोकाचा तो गडद ठिपका. मी आता पुण्यात पाषाण तलावावर उजाडता उजाडता जातो, थंडीत चतुर गारठलेले असतात, पंखांवर दव, उडत नाहीत. समोरून ऊन घेऊन पंखांची जाळी काढली तर काचेच्या खिडकीसारखी दिसते. अगदी समोरून चेहरा काढला तर हसतोय असंच वाटतं, खरंच!

डेप्थ, म्हणजे फोकसमध्ये येणारी जाडी, मात्र कागदाएवढी, अ‍ॅपर्चर एफ/११ इतकं बारीक केलं तरी शेपटी ब्लर. फ्लॅशला डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लागतोच, मी दुधाच्या पिशवीचा केलाय. टाचण्यांनाही (चतुराचे सडपातळ भाऊबंद) ही लेन्स मस्त चालते, फक्त वारा सुटला की सरळ कॅमेरा बॅगेत टाका न् चहा प्यायला जा.