पिल्लू घरी आणताय? कागद की अंगण, भाकरी की पाकीट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पिल्लू घरी येतं ते बहुधा तीन वाटांनी. गल्लीतल्या कुत्रीचं, मळ्याच्या राखणीसाठी मुधोळकडून आणलेलं, नाहीतर शहरात विकत घेतलेलं लॅब्रॅडोर किंवा पॉमेरियन. वाट कोणतीही असो, पहिल्याच आठवड्यात घरात दोन विषयांवर चर्चा सुरू होते: याने शी-शू कुठे करायची आणि याला खायला काय घालायचं. पहिल्यासाठी कागद, अंगण किंवा पिंजरा. दुसऱ्यासाठी घरचं अन्न किंवा पाकिटातलं. बहुतेक जण हे दोन निर्णय वेगवेगळे घेतात आणि तिथेच अडकतात. माझ्या मते हा एकच निर्णय आहे, आणि तो खाण्याच्या वेळेपासून सुरू होतो.

कारण साधं आहे. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात. पिल्लू खाऊन उठल्यावर दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात शी करतं. झोपून उठल्यावर लगेच शू करतं, खेळून दमल्यावर पुन्हा करतं. शू किती वेळ धरता येते याचा ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, आणि दिवसा जागं असताना त्याहून कमी. आता ज्या घरात वाटी दिवसभर भरलेली असते, तिथे पिल्लू केव्हा खाईल याचा नेम नाही, मग केव्हा करेल याचाही नेम नाही. दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा खायला घाला. पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचला. पाणी मात्र कायम समोर असू द्या, एप्रिल-मे महिन्यात तर नक्कीच. एवढं पाळलं तर खालच्यापैकी कोणतीही पद्धत चालते. हे पाळलं नाही तर एकही चालत नाही.

कागद, अंगण आणि पिंजरा

अंगणवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे. पायाखाली जे लागतं त्याची सवय पिल्लाला साधारण दोन महिन्यांच्या सुमारास लागते. मातीवर वाढलेलं पिल्लू माती शोधतं, कागदावर शिकलेलं कागद शोधतं. आधी कागदावर शिकवून नंतर बाहेर न्यायचं ठरवलं तर एकच गोष्ट दोनदा शिकवावी लागते, आणि मध्येच जमिनीवर पडलेली वही किंवा पायपुसणंही त्याला कागदासारखंच वाटतं.

कागदवाल्यांचा मुद्दाही तितकाच बरोबर आहे, आणि तो जिवाशी गाठ घालणारा आहे. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा ओकाऱ्या-जुलाबांचा जीवघेणा रोग. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने, कधी वर्षभर टिकतो. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतं, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस असतो, आणि साधारण सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लाचं संरक्षण पुरतं पक्कं होत नाही. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. तोवर जिथे गावातली कुत्री फिरतात त्या रस्त्याकडेला किंवा मोकळ्या प्लॉटवर पिल्लाला उतरवणं हा खरा धोका आहे. शहरातल्या गल्ल्यांत मोकळी कुत्री किती आहेत हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

मग ठरवायचं कसं? तुमच्या कुंपणाच्या आत बाहेरचं कुत्रं येत नसेल तर पहिल्या दिवसापासून अंगण. येळ्ळूर, कंग्राळी, खानापूरकडच्या घरांना परस असतो, त्यांनी कागदाच्या भानगडीत पडूच नये. फक्त जागा निवडताना जूनचा विचार आत्ताच करा. आपला पाऊस नुसता पडत नाही, जांबोटी-कणकुंबीकडे तर तो दिवसेंदिवस थांबत नाही, आणि उन्हाळ्यात मोकळ्या अंगणात शिकलेलं पिल्लू पावसात उंबऱ्यावर थबकतं आणि परत येऊन पडवीत करतं. म्हणून सुरुवातीपासूनच पागोळ्यांच्या आत, गोठ्याच्या किंवा पत्र्याच्या छपराखालचा मातीचा कोपरा ठरवा. तोच कोपरा, तोच दरवाजा, तोच शब्द.

बेळगाव शहरात टिळकवाडीत किंवा हिंदवाडीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर कागदाऐवजी मी तिसरा पर्याय सुचवेन: बाल्कनीत पसरट ट्रे आणि त्यात माती किंवा गवताचा तुकडा. माती मात्र बाहेरच्या कुत्र्यांचा वावर नसलेल्या जागेची घ्या, नर्सरीतली चालेल, आणि वरचेवर बदला. लस पूर्ण झाली की बाहेरची माती पिल्लाला परकी वाटत नाही. निव्वळ कागद वापरायचाच झाला तर खाली प्लॅस्टिक घाला, खासकरून शहापूरच्या जुन्या घरांत. शहाबादी फरशी शू पिऊन टाकते, आपल्याला वास येईनासा होतो, पण पिल्लाला तो येतच राहतो आणि ते तिथेच परत जातं.

त्या वासावर फिनेल ओतणं हा आपल्याकडचा सर्रास उपाय. त्याने शूचा वास मोडत नाही, फक्त झाकला जातो, आणि पिल्लू ओली फरशी चाटतं तेव्हा ते पोटात जातं. अमोनिया असलेला क्लीनर तर शूसारखाच वास देतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमचा क्लीनर सगळ्यात उत्तम. नाही मिळाला तर साबणाच्या पाण्याने धुऊन मग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसा.

पिंजऱ्याबद्दल आपल्याकडे उगाच वाईट मत आहे. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढाच पिंजरा हवा. मोठा घेतला तर पिल्लू एका कोपऱ्यात करतं आणि दुसऱ्यात झोपतं. झोपेची जागा घाण न करण्याची त्याची उपजत वृत्ती असते, पिंजरा तिचा उपयोग करून घेतो. रात्रीसाठी आणि तास-दोन तासांसाठी तो उत्तम. शिक्षा म्हणून कधीच नाही. उद्यमबागेत दोघेही दिवसभर कामावर आणि घरी कुणी नाही, अशा वेळी पिंजऱ्यात आठ तास कोंडणं क्रूर आहे, शिवाय नाइलाजाने तिथेच करावं लागलं की ती उपजत वृत्तीही मोडू शकते. दुपारी येणारं माणूस नसेल तर पिल्लू सध्या आणू नका. साखळीचं म्हणाल तर ती या तिघांच्या जवळपासही येत नाही. बांधलेल्या पिल्लाला झोपायच्या जागेशेजारीच करावं लागतं, म्हणजे साखळी नेमकी उलटी सवय लावते.

आणि नाक घासणं बंद करा. नाक घासल्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग ते कपाटामागे करतं. योग्य जागी केल्या केल्या, दोन-तीन सेकंदांच्या आत, खाऊ आणि शाबासकी. घरात आल्यावर दिलेला खाऊ त्याला घरात आल्याबद्दलचा वाटतो.

भाकरी-दूध, घरचं जेवण आणि पाकीट

आपल्या घरांत पिल्लाचं पहिलं अन्न म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी. प्रेमाने दिलेलं असलं तरी ते पुरत नाही. पिल्लांच्या खाद्यासाठी जे अमेरिकी निकष जगभर वापरले जातात, त्यात कोरड्या वजनात किमान 22.5 टक्के प्रथिनं, 8.5 टक्के चरबी आणि 1.2 टक्के कॅल्शियम लागतं. ज्वारीच्या पिठात प्रथिनं साधारण दहा टक्के. शिवाय आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते, त्यामुळे गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. जुलाब होणाऱ्या पिल्लाला जागेची सवय लागणार तरी कशी? दही किंवा ताक थोडं बरं सोसतं.

याच्या उलट टोकाला ‘कुत्रं आहे, मटणच हवं’ म्हणणारे. निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, फरक पंधरा-वीस पटींचा. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. ते अन्नातून मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं, पाय वाकतात, हाडं साध्या उडीत मोडतात.

घरचं अन्न नीट देता येतं, पण ते मोजून द्यावं लागतं: शिजवलेलं चिकन किंवा अंडी, भात किंवा नाचणी, थोडा भोपळा किंवा गाजर, आणि कॅल्शियमचा ठरलेला स्रोत, उदाहरणार्थ अंड्याच्या कवचाची बारीक पूड. तिचं प्रमाण आणि बाकीची जीवनसत्त्वं पशुवैद्यांकडून लिहून घ्या, अंदाजाने नको. हे रोज जमणार नसेल तर पहिलं वर्ष पाकिटाचं खाद्य द्या. हा माझा स्पष्ट कल आहे. पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ आणि ‘वाढीच्या वयासाठी’ अशा अर्थाचा मजकूर आहे का ते पाहा. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्डसारख्या जातींना मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं वेगळं खाद्य घ्या. छोट्या पिल्लाला दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या.

पाकिटाच्या बाबतीत दोन गोष्टी जपा. दुकानात उघड्या पोत्यातून सुटं मिळतं ते पावसाळ्यात तरी घेऊ नका. आपल्या दमट हवेत त्यातली चरबी खवट होते, बुरशी धरते. आणि पाकिटाबरोबर ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून कॅल्शियमचं सिरप चालू करू नका. मोठ्या जातींच्या पिल्लांचं शरीर जादा कॅल्शियम शोषून घेणं नीट रोखू शकत नाही, आणि त्याने हाडं बिघडू शकतात. वरचा खाऊ, भाताचा घास, अंड्याचा तुकडा, सगळं मिळून दिवसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा.

मुधोळ जातीचं पिल्लू असेल तर वेगळी काळजी. याला आपल्याकडे कारवानही म्हणतात. या जातीच्या बरगड्या दिसणं स्वाभाविक आहे, पाहुणे मात्र ‘उपाशी ठेवलंय का’ म्हणतात आणि घरचे तूप-भात वाढवतात. धावण्यासाठी घडलेल्या त्या अंगावर चरबी चढवू नका. शंका आली तर मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे.

पाकीट घ्या की घरचं, काही गोष्टी घरात असतातच आणि त्या पिल्लाच्या तोंडी जाता कामा नयेत. कांदा-लसणाने रक्तपेशी फुटतात, म्हणून रश्शातला भात नको आणि रश्शातली हाडंही नकोत, शिजलेलं हाड टोकदार फुटतं. द्राक्षं आणि मनुकांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, त्यामुळे गोकाकच्या करदंटाचा, म्हणजे सुकामेव्याच्या त्या मिठाईचा, तुकडासुद्धा नाही. चॉकलेट नाही, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) घातलेले शुगर-फ्री पदार्थही नाहीत. निपाणी भागात ज्यांच्या घरी किंवा वखारीत तंबाखू असतो त्यांनी तो बंद ठेवावा, निकोटिन पिल्लासाठी विषच आहे.

पिल्लू आणायला जाताना तिथे ते काय खातं ते विचारा आणि आठवडाभराचं तेच खाद्य बरोबर घ्या. नवीन खाद्य रोज थोडं वाढवत सात दिवसांत बदला. जंताचं औषध कधी दिलं तेही विचारा, पिल्लांना जंत आईकडूनच येतात. आणि पिल्लाने खाणं सोडलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, शीमध्ये रक्त दिसलं, तर ‘खाद्य बदललं म्हणून असेल’ असं म्हणत रात्र काढू नका. त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या.