पटवून देणे की प्रवृत्त करणे?

माणसाचे वर्तन बदलण्यासाठी त्याला कारणे सांगून पटवावे, की त्याच्या हिताचा आणि प्रतिष्ठेचा विचार करून परिस्थितीच बदलावी? युक्तिवाद ऐकणाऱ्याच्या बुद्धीचा मान राखतो, हे त्याचे खरे मोल; परंतु निष्कर्ष गैरसोयीचा असेल तर तीच बुद्धी हरकती शोधण्यात गुंतते, आणि अधिक शिकलेला माणूस अधिक सफाईदार हरकती शोधतो.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी दुसरा मार्ग जाणीवपूर्वक अवलंबला. शिक्षणाचे महत्त्व नुसते सांगून भागत नाही, उच्च शिक्षणाचे फळ सर्व वर्गांना मिळत नाही म्हणून मागासवर्गीय तिकडे वळत नाहीत, असे निदान करून त्यांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानाच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा त्यांच्यासाठी राखल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात ते स्वतः चहा घेत, तेव्हा अस्पृश्यतेच्या समर्थकांची तोंडे कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर बंद झाली असावीत.

माझा कल याच मार्गाकडे आहे. मात्र प्रलोभन एकटे असेल तर ते ओसरताच वर्तनही ओसरते. म्हणूनच त्या आदेशाने तरतुदीबरोबर तिचे कारणही लेखी मांडले, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.