हंगर गेम्स की मेझ रनर, अख्खा सेट घ्यायचा तर कुठला?

आमच्या मालवणात पावसात लाइट गेली की पोरं पुस्तकाकडे वळतात, म्हणून मे संपत आला की हा प्रश्न येतोच. दोन्ही इंग्रजी कादंबऱ्यांच्या मालिका, दोन्हींचा पहिला भाग जबरदस्त आहे त्यामुळे त्यावरून ठरवू नका, पुढच्या दोन भागांचं काय होतं ते बघा.

मेझ रनर (2009) सुरू होतं ते थेट लिफ्टच्या अंधारात, थॉमसला नावाशिवाय काही आठवत नाही, वर येतो तर सगळी मुलंच, आणि भोवतीच्या भिंतींचे दरवाजे रोज संध्याकाळी बंद होतात. न वाचणारं पोरगंही इथे अडकतं. पण सगळी ओढ ‘हे कोण करतंय आणि का’ यावरच आहे, आणि द स्कॉर्च ट्रायल्समध्ये उत्तर मिळायच्या ऐवजी नवीन परीक्षा येते, दोन आठवड्यात शंभर मैल करपलेला मुलुख पार करायचा, त्यात कोण कोणाच्या बाजूने ते इतक्यांदा बदलतं की नंतर कोणी दगा दिला तरी काही वाटेनासं होतं. द डेथ क्युअरमध्ये थॉमसच्या मित्राने, न्यूटने दिलेलं ते बंद पाकीट तेवढं काळजाला लागतं.

हंगर गेम्सचं तसं नाही. इथे सरकारच पोरांना रिंगणात उतरवून एकच जिवंत उरेपर्यंत लढवतं; पहिल्या भागात कॅटनिस नावाची मुलगी जिंकते ती त्या सरकारला डिवचून, आणि पुढचे दोन्ही भाग त्याचीच किंमत वसूल करतात. कॅचिंग फायरमध्ये परत रिंगण आहे, पण यावेळी ते घड्याळासारखं, तासातासाला वेगळं संकट, त्यात एक अजस्र लाट. मॉकिंगजे (2010) बऱ्याच जणांना संथ वाटतो, मला तोच सगळ्यात जास्त आवडतो. आधी सरकार तिला सजवून कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, आता तिच्या बाजूचे म्हणवणारे तेच करतात. आणि फिनिक, मासेमारी करणाऱ्या जिल्ह्यातला, त्रिशूळ-जाळं घेऊन लढलेला माणूस, इथे दोरीच्या तुकड्याला नुसत्या गाठी मारत बसतो, मारतो, सोडवतो, परत मारतो. जाळी विणणारे हात रोज बघणाऱ्या आपल्या पोरांना ते पान वेगळंच कळेल.

फक्त शेवटच्या भागातले मृत्यू फार जड आहेत, तेरा-चौदाच्या आत नको. 2020 आणि 2025 ला आलेले आधीच्या काळातले दोन भाग या तिन्हीनंतरच द्या.

म्हणजे सेट हंगर गेम्सचा, आणि मेझ रनरचा सध्या पहिलाच घ्या, पोराने स्वतःहून मागितला तर दुसरा.