पुण्याचा मंडप की पडद्यावरचा मंच?

डिसेंबरात सोलापुराहून पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जायचं म्हणजे अडीचशे किलोमीटर. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस, डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी, मुक्कामाला आत्याचं घर. पं. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या या महोत्सवात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हजारो माना एकदम हलतात, त्यासाठी मी हा खटाटोप आनंदाने करते.

दुसरा पर्याय घरबसल्या: सेकंड लाइफ, २००३ पासून चालू असलेलं आभासी जग. तिथला गायक आपल्या घरी माइकसमोर बसून खरोखर गातो. पडद्यावरच्या मंचावर त्याचा अवतार, म्हणजे संगणकातली आकृती, उभा असतो आणि आवाज स्ट्रीम होऊन आपल्या हेडफोनात येतो. प्रवेश फुकट. गाणं आवडलं तर लिंडेन डॉलर, म्हणजे तिथलं चलन, द्यायचे. घड्याळ मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. जूनमध्ये तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले सकाळचे साडेसात, म्हणजे ऐन डब्याच्या घाईत मैफल! शिवाय गर्दी वाढली की अवतार अडखळतात, साध्या लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो.

खरी अडचण दादेची. आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे चॅटमध्ये टाइप केलेलं ‘वाह’ समेवर पडतच नाही. रागदारीसाठी मी पुण्यालाच जाईन.

पण आईचे गुडघे दुखतात, मंडपात तासन्‌तास बसणं तिला जमत नाही. परवा गिटारच्या मैफलीत तिने बाण दाबत आपला अवतार थेट पहिल्या रांगेत नेला आणि म्हणाली, “इथनं नीट दिसतंय बघ.” तिच्यासाठी मी हेडफोनची दुसरी जोडी आणली आहे.